शरभाचे आठ पाय

“मिस्त्री, ह्यो चालनार कसा?”

शेळीचं दूध घालायला आलेली फुलाबाई दारातूनच लाकडी शरभाकडे बघत होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या अण्णाराव सुताराने सहा महिने खपून तो मिरवणुकीसाठी कोरला होता. सिंहाचं अंग, गरुडाचे पंख आणि आठ पाय.

“देवाचं वाहन हाय ते. खांद्यावरनं जानार. तू तुज्या शेळ्या बघ,” अण्णाराव फटकन म्हणाला.

ती गेली. पण त्याला आता तो शरभ आठ पायांच्या बाकासारखा दिसू लागला. आठही पाय ओळीत, खिळल्यासारखे. चौथ्या दिवशी गल्लीत कोणी नाही असं पाहून त्याने फुलाबाईला शेळीसकट परसात बोलावलं.

तिने त्याचा हात शेळीच्या खांद्याच्या हाडावर, फऱ्यावर ठेवला आणि शेळीला चार पावलं चालवलं.

“फरा कसा सरकतोय, कळतंय का? तुमच्या पंखानं फराच दाबलाय. पाय उचलंल कुटनं? पंख मागं घ्या. अन् पंख हायत म्हंजी पुढलं अंग हलकं. पुढलं चार उचला, भार मागल्यावर येऊ द्या.”

त्याने पंख उतरवून मागे बसवले, पुढचे पाय नव्याने कोरले.

मिरवणुकीच्या दिवशी शरभ खांद्यांवर चढला आणि आता झेप घेईल असाच वाटला. देवळाचे पंच गुरुसिद्धप्पा यांनी अण्णारावाच्या अंगावर शाल घातली. सगळ्यांदेखत विचारलं, “ही चाल कुणाकडनं शिकलात?”

फुलाबाई पाच पावलांवर उभी होती. तिचं नाव त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण समोर सगळी पेठ होती.

“वडलांचा हात,” तो म्हणाला.

वडिलांनी जन्मभर चौकटी आणि नांगर केले होते.

फुलाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही. “चालतोय की ओ!” ती शेजारणीला सांगत होती.

मग कारागिराला पाटावर बसवून लोक त्याच्या पाया पडायला लागले. रांगेतून तीही आली, वाकली. अण्णारावाने चटकन पाय धोतरात ओढून घेतले.

फुलाबाई थबकली.

“व्हय, शेळ्यांचा वास येतोय अंगाला,” ती ओशाळून म्हणाली.

पाय वासाने नव्हे, लाजेने मागे घेतले, हे त्याला सांगायचं होतं.

तिने त्याच्या पायांपुढच्या मातीला बोटं लावली, कपाळाला टेकवली आणि मागच्यांना वाट करून दिली.