परसातली गुप्त गंगा

पहाटे साडेपाचलाच गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत रांग लागली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. रांगेचं तोंड शेखरच्या जुन्या बैठ्या घराच्या परसात होतं. तिथे हातभर खोल खड्ड्यात पाणी आपोआप वर येत होतं. नळ नाही, मोटर नाही!

खड्ड्याशी सहादूबाबा कापूर जाळत बसले होते. नऊ दिवसांपूर्वी तळहातावर नारळ घेऊन ते या परसात फिरले होते. नारळ उभा राहिला, बाबा थरथरले, मग कनात लावून त्यांनी दुपारभर एकट्यानेच 'भूमिशुद्धी' केली.

"गंगामाय रामकुंडावरून उलटी फिरून हितं आलीया," ते सांगत. "पन सोवळं लय कडक! घरच्यांनी पहाटं डोक्यावरून न्हायचं, मगच ती परगट व्हते."

शेखर वीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात पाइप तपासत होता. थेंबभर गळतीही त्याच्या नजरेतून सुटत नसे. घरी येताना अक्कल मात्र तो गेटवरच जमा करून येत असावा. कारण सात वर्षांच्या सायलीला ताप होता, जुलाब थांबत नव्हते, आणि बाबांच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करून तो तिला तेच तीर्थ पाजत होता. पोरीचे डोळे खोल गेले होते. हाक मारली तरी ती आता मान वळवत नव्हती.

"डॉक्टरांनी काल एकच विचारलं," त्याची बायको यशश्री म्हणाली. "पाणी येतं कुठून?"

"अकरा दिवस सांगितलेत. दोनच राहिले."

"तोवर पोर राहील का?"

शेखरने तीर्थाची वाटी पुन्हा सायलीच्या ओठांना लावली. त्यालाही भीती वाटत होती, पण बाबांच्या कोपाची जास्त.

दुसऱ्या दिवशी पहाटे यशश्रीने न्हाणीघराला कुलूप घातलं. कुणीच अंघोळ केली नाही. सहा वाजले, साडेसहा झाले, खड्डा कोरडाच. रांगेत कुजबुज वाढली. "विटाळ झालाय कुनाचा तरी!" बाबा यशश्रीकडे बोट दाखवून ओरडले, आणि सगळी गर्दी तिच्याकडे वळली.

यशश्री आत गेली. कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली तिने चार बादल्यांत कालवली आणि कुलूप काढून बादल्या न्हाणीघराच्या मोरीत ओतल्या. थोड्या वेळाने खड्ड्यातली वाळू ओली झाली. पाणी वर आलं, निळंशार.

बाबा क्षणभर गडबडले. मग दोन्ही हात वर करून म्हणाले, "किस्नाचा रंग! भरा रं!"

आणि लोकांनी खरोखर बाटल्या बुडवल्या. एका बाईने तर तिथेच घोट घेतला. शेखरने मागे पाहिलं, तर यशश्री दारात निळीची रिकामी बाटली घेऊन उभी होती. त्याने कुदळ उचलली आणि लोक "पाप, पाप" म्हणत असताना खणायला सुरुवात केली. वाळू आणि खडी निघाली, त्याखाली न्हाणीघरातून रस्त्याच्या गटाराकडे जाणारा जुना मातीचा पाइप लागला. वरून फोडलेला, आणि पुढच्या तोंडात गोणपाट कोंबलेलं. गोणपाटाला साबणाचं मेण आणि केसांचा गुंता चिकटला होता.

आता त्याला सगळं कळलं. न्हाणी इथे, गटार तिथे, मधल्या पट्ट्यातलं गवत बाकीच्यापेक्षा हिरवं. पाइप कुठून जातो हे कुठल्याही गवंड्याने सांगितलं असतं, त्याला नारळ कशाला? बाबांनी कनातीआड फोडलेला पाइप तुंबवला की अंघोळीचं पाणी खड्ड्यात चढायचं, वाळूतून गाळून निघायचं, वास कापराने झाकायचा. म्हणूनच आधी अंघोळीचं सोवळं! त्याने मागे पाहिलं. बाबा निसटले होते.

तासाभरात सायलीला सलाइन लागलं. "उद्या आणली असती तर काही सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. शेखर भिंतीला टेकून रडला.

शेजारच्या खाटेवर एक तान्हं बाळ होतं. त्याच्या आईने शेखरला ओळखलं. "दादा, तुमच्या घरचं तीर्थ मिळंल का? रोज चमचाभर देत होते, कालच संपलं. इथल्या औषधानं गुण येत नाय."

शेखरला तोंड लपवून निघून जावंसं वाटलं. तरी तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ताई, ते आमच्या अंघोळीचं पाणी होतं. हे डॉक्टरांना आत्ता सांगा. देवाला हात जोडा, पण पोराच्या तोंडी काही घालण्याआधी ते कुठून आलं एवढं विचारा. मी विचारलं नाही."