ज्वारीआधी कापूस

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी टारफुल्यानं आमची उभी ज्वारी वाळवली. हे तण ज्वारीच्या मुळांतला रस पिऊन जगतं. बायको म्हणाली, "आता दोन वर्षं कापूस लावू. कापसाच्या मुळांचा पाझर लागला की टारफुल्याचं बी उगवतं, पण त्याला त्या मुळांत शिरता येत नाही. उपाशी मरतं."

"म्हणजे पाहुण्याला हाक मारायची आणि दार लावून घ्यायचं!"

"तुमचे भाऊ येतात तेव्हा मी तेच करते," ती म्हणाली.

तिसऱ्या वर्षी ज्वारी पेरली. टारफुला नावालाच उरला होता. मी धाकटीला फोन लावला. "बरं झालं, बाबा," म्हणाली, आणि पोर रडतंय म्हणून तिनं ठेवला.

बायको आदल्या वर्षी वारली, कापसाची वेचणी संपली त्या आठवड्यात.