उताराची दिशा

रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत, दोन गजांमध्ये एक तुती अडकली होती, काळी, अर्धी चिरडलेली... आणि बेगायिम तिच्याकडेच बघत राहिली, कारण मान वर केली की गल्ली दिसणार होती. किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या या भागासाठी पावसाचं पाणी वाहून नेणारा जमिनीखालचा नवा नळ तिनंच आखला होता. नेहमीचा पाऊस तो सहज गिळेल. पण कधीतरी डोंगरावरून त्याहून मोठं पाणी येईल—तेव्हा नळात न मावलेलं पाणी रस्त्यावरून कुठंतरी जाणारच. ते शाळेच्या पटांगणातून जावं की या खोलगट गल्लीतून, एवढंच ठरवायचं होतं. तिनं नकाशावर बाण काढला होता. गल्लीकडे.

"काहीतरी बुडणारच, पोरी," तिच्या कचेरीतले साहेब म्हणाले होते, "आपण फक्त कुठं ते ठरवायचं. शाळेत मुलं असतात." बरोबरच होतं ते. अजूनही बरोबरच आहे. मग मी इथं कशाला आले?

"अगं, उन्हात काय उभी? ये आत!" समोरच्या घरातल्या बुरुल आपांनी तिला हाताला धरूनच ओढलं. चहा, नान, जर्दाळू पुढं आले. "नळ घालणारी तूच ना? देव तुझं भलं करो. दरवर्षी उंबऱ्याशी पाणी येतं गं."

खालच्या खोलीतून खोकला आला. पायऱ्या उतरून जायची खोली—उन्हाळ्यात गार म्हणून आपांनी नवऱ्याला तिथं ठेवलं होतं. पक्षाघातानंतर ते उठले नव्हते.

"आपा... त्यांना वरच्या खोलीत हलवा."

"का? आता तर नळ होतोय."

"नेहमीच्या पावसाला पुरेल तो. फार मोठा पाऊस आला तर पाणी इकडंच येईल."

"इकडंच? कुणी सांगितलं?"

गप्प राहता आलं असतं. "मीच तसं आखलंय."

आपांनी तिच्यापुढं आणखी चहा ओतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणि कधी येईल गं तो पाऊस?"

"माहीत नाही. यंदा... किंवा आपल्या हयातीत कधीच नाही."

"ह्यांना एकटीनं उचलायचं कसं, तेही सांगून जा," आपा म्हणाल्या आणि भांडी गोळा करू लागल्या.

ती बाहेर आली. प्रत्येक दाराचा उंबरा आपोआप नजरेनं मापला जात होता—घोट्याएवढा, त्याहून कमी, नाहीच. भिंतीपलीकडे शाळा सुटल्याचा गलका उठला. बाण पुसला तर पाणी तिकडे... तो पाऊस रात्री यावा, तिच्या मनात आलं, रात्री शाळा रिकामी असते, बाण तिकडे वळवता येईल... पण मग दिवसा आला तर? मग दिवसा नकोच. मग बाण राहू दे इकडेच आणि पाऊस दिवसाच येऊ दे, गल्ली जागी असताना, कुणी शेजारी घरात असताना, आपांच्या नवऱ्याला उचलायला दोघं तरी... आपण आकडेमोड सोडून केव्हाची याचनाच करतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तरी तिला थांबता येईना.