चारचा धूर

आदिती पाच दिवस दवाखान्यात काढून घरी आली, त्याच आठवड्यात गल्लीत डेंग्यूचे आणखी दोन रुग्ण निघाले. सगळ्यांनी मिळून धुराची फवारणी करून घ्यायचं ठरवलं, आणि वेळ ठरवायचं काम आदितीच्या आईवर, प्राचीवर आलं. ती कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायची. "तुम्हाला त्यातलं कळतंय, तुम्हीच ठरवा," असं म्हणून बाकीचे मोकळे झाले.

फवारणीवाला रफिक आधी नुसता बघायला आला. परसातल्या बंद पडलेल्या मीटरच्या पेटीपाशी तो थबकला. पेटीच्या भोकातून सातेरी मधमाश्यांची ये-जा चालली होती.

"ह्या कवापास्नं?"

"अकरा वर्षं झाली," प्राची म्हणाली.

"आन मध काढला न्हाय कधी?"

"जैनाच्या घरात मध व्हय रं?" पायरीवर बसलेल्या अक्काताई, प्राचीच्या सासूबाई, म्हणजे तिच्या अत्ती, हसल्या. "म्हणून तर टिकल्यात. हितं त्यास्नी कोण लुटत न्हाय की." दुपारचा जप आटोपला की त्या तिथंच बसायच्या. माश्या कोणत्या महिन्यात कुठल्या झाडाकडे वळतात, हे त्यांना प्राचीपेक्षा बरं ठाऊक होतं.

फाटकापाशी आल्यावर रफिक म्हणाला, "मग वहिनी, सांजचं सहाला मारू. तवर माश्या आत गेलेल्या असत्यात. पेटीवर वलं पोतं टाका, काय व्हत न्हाय. फकस्त पाचला गॅस बंद, आन धूर मारल्यावर तासभर घरात कोण न्हाय पायजे."

प्राची अडली. नोव्हेंबरात दिवस सहाच्या सुमाराला बुडतो, आणि अक्काताई दिवस बुडायच्या आत जेवतात. पावणेसहाला त्यांच्यापुढे गरम भाकरीचं ताट जायचं, ते तिनं लग्न झाल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं.

"चारला मारा," ती म्हणाली.

"चारला? उन्हात धूर वर उडून जातोय, वहिनी. आन माश्या समद्या भाईर."

"डेंग्यूचा डास दिवसाच चावतो, रफिकभाई. सहापर्यंत थांबायला नको."

हे खोटं नव्हतं. पण उन्हं असताना फवारणी करत नाहीत, आणि का करत नाहीत, हेही तिला माहीत होतं. रफिकनं मान हलवली. "तुमी डासाचं कॉलेज चालवता. तुमास्नी मी काय शिकवू?"

गुरुवारी चारला तिनं पेटीच्या भोकावर ओलं पोतं बांधलं. आतल्या तरी वाचतील, बाहेरच्या थोड्याच असतील, असा तिचा अंदाज होता. मग आदितीला आणि अक्काताईंना घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पांढऱ्या धुरात एकेक घर दिसेनासं झालं.

पाचला ती एकटीच आधी परसात गेली. रानातून परतलेल्या माश्यांना दार सापडलं नव्हतं. त्या धुरातच पोत्याला चिकटून राहिल्या होत्या, पोतं त्यांनी काळं पडलं होतं. खाली फरशीवर कितीतरी पडल्या होत्या. काही पाठीवर गरगरत होत्या, सोंडा बाहेर आलेल्या. पुष्कळांच्या मागच्या पायांना पिवळे पराग तसेच होते. तिनं पोतं सोडलं, फरशी झाडली, हात धुतले आणि भाकरी थापायला घेतली. पावणेसहाला ताट वाढलं.

चारा आणणाऱ्याच गेल्यावर आतल्या किती दिवस काढणार? आठवड्याच्या आत पेटी गप्प झाली.

"मागं शेजारच्या गल्लीत धूर मारलावता," अक्काताई म्हणाल्या. "तवा तिथलं पोळं काय उठलं न्हाय. मग आपल्याच कशा गेल्या गं?"

औषध जहाल होतं असं म्हणता आलं असतं. प्राचीनं तसं म्हटलं नाही. "चारला मारायला लावला, अत्ती. रफिक सहाच म्हणत होता. पण तुमचं जेवण चुकलं असतं."

बोलताना तिला वाटलं होतं, आपण चूक कबूल करतोय. बोलून झाल्यावर कळलं, की चूक आपण त्यांच्या ताटात वाढली.

अक्काताईंनी पेटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला इचारायचं की गं. पर्युषणाच्या पर्वात दहा-दहा दिवस निस्त्या पाण्यावर ऱ्हाते मी. एका सांजेनं मरत होते व्हय?"

विचारायचं प्राचीच्या मनातच आलं नव्हतं. अक्काताईंचं सगळं आपल्याला न विचारता कळतं, याचाच तिला इतकी वर्षं अभिमान होता.

फवारणीच्या दुसऱ्या फेरीची वेळ विचारायला रफिकचा फोन आला. प्राचीनं फोन अक्काताईंपुढे धरला. "अत्ती, तुम्ही सांगा."

अक्काताईंनी फोन कानाला लावला, त्याचं ऐकून घेतलं.

"कवाबी ये बाबा," त्या म्हणाल्या. "आता इचारून काय करतोस?"