पाणी काढायचा मोड

“भूक काढून टाकली,” लखन म्हणाला. “आता तहान काढतो.”

बिजलीबाईंनी चष्मा वर ढकलून लॅपटॉपकडं पाहिलं. पडद्यावर निळं पाणी होतं आणि पाण्यात एका माणसाचे दोन हात, हातमोज्यांसकट. बाकीचा माणूस दिसत नव्हता. तो माणूस म्हणजे आपणच, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं.

“आन् श्वास?”

“तो कालच काढला, याडी. आता कितीबी वेळ खाली राहता येते.”

“भूक नाई, तहान नाई, श्वास नाई,” बिजलीबाई म्हणाल्या. “मंग हा मेलाच म्हन की.”

आईकडं न बघता लखननं तहानेपुढची खूण काढली आणि खेळ पुन्हा सुरू केला.

लखन धावजी आडे, वय सत्तेचाळीस, दिग्रसकडच्या एका धरणावर नोकरीला होता. रोज सकाळी आठला भिंतीवर जायचं, पाण्यात उभी असलेली मोजपट्टी वाचायची, आकडा वहीत लिहायचा आणि फोनवर वरच्या कार्यालयाला सांगायचा, एवढं काम. ही नोकरी त्याला प्रकल्पग्रस्त म्हणून मिळाली होती. म्हणजे ज्या पाण्याखाली त्याचा तांडा गेला, त्या पाण्याची रोज हजेरी घ्यायची. यात गमतीचं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. शासननिर्णयात तसा उल्लेख नव्हता.

खेळ मुळात त्याच्या मुलीचा, राखीचा. पुण्याला नोकरी लागल्यावर तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना बापाला दिला. त्यात हा खेळ राहून गेला. माणूस परक्या ग्रहावरच्या समुद्रात पडतो. मासे धरायचे, पिण्याचं पाणी गाळायचं, तळाशी घर बांधायचं आणि मोठ्या जनावरांनी गिळायच्या आत श्वासाला वर यायचं. पहिल्या आठवड्यात लखन चौदा वेळा मेला. मग त्याला मोडचा शोध लागला. मोड म्हणजे कंपनीनं विकलेल्या खेळात तिसऱ्याच कुणी हौसेनं केलेला आणि फुकट वाटलेला फेरफार. आपण नवी मोटारसायकल घेतो, आधी सीट कव्हर बदलतो, मग लेगगार्ड, मग हॉर्न, आणि शेवटी कंपनीचं फक्त नाव उरतं. तसाच प्रकार.

वहीत लिहिण्याची सवय नोकरीनं लावलेली. त्यानं नेटवर मराठीत एक पानच काढलं, ‘पाण्याखालच्या खेळासाठी घ्यावेत असे मोड’. नकाशाचा मोड सर्वात आधी घ्यावा, कारण कंपनीनं नकाशा दिलेला नाही आणि विचारणार कुणाला. मोठ्या जनावरांना शांत करणारा मोड बायकामुलांच्या घरी बरा. मोठ्या कपाटाचा मोड जुन्या लॅपटॉपवर घेऊ नये, पंखा ओरडतो. या पानाचे वाचक एकोणीस होते. त्यातला एक फुलचंद, केळापूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. तो प्रत्येक मोडखाली ‘चांगली माहिती भाऊ’ असं लिहायचा. बाकीचे अठरा नुसते वाचायचे, किंवा वाचतही नसतील.

बिजलीबाईंना खेळात रस नव्हता. मासे त्यांना ओळखीचे वाटत नव्हते. पण एका रविवारी जेवताना त्यांचं लक्ष गेलं तर लखननं समुद्राच्या तळाशी एक खोली बांधली होती. खोलीला भिंती होत्या, दार होतं, दारावरून मासे जात होते.

“पाण्याच्या आत घर बांधता येते?”

“येते.”

तिसऱ्या दिवशी, लखन चपला काढत असताना, रोजचं ‘आज किती?’ विचारायच्या आधी त्या म्हणाल्या, “आपलं बांध.”

‘आज किती?’ हा प्रश्न त्या वीस वर्षं विचारत होत्या आणि लखन उत्तर देत होता. तीनशे तेवीस, तीनशे चोवीस, असं काही. त्यांना समुद्रसपाटीपासूनचे मीटर कळत नव्हते, पण एक आकडा पाठ होता, तीनशे एकवीस पॉइंट चाळीस. पाणी त्याखाली गेलं की त्यांची जुनी चूल उघडी पडायची.

लखनचे वडील धावजी तांडा हलायच्या आदल्या वर्षी गेले. पावसाळ्यात ताप आला आणि पोळ्याच्या आधी माणूस संपला. लखन तेव्हा सात वर्षांचा. पुढच्या वर्षी सगळा तांडा ट्रकांत बसून पुनर्वसन कॉलनीत आला. सेवालाल महाराजांचा झेंडा आला, बकऱ्या आल्या, दारांच्या चौकटी उपटून आणल्या. धावजी तेवढे आले नाहीत. त्यांना नवा पत्ता माहीत असण्याचं कारण नव्हतं. कॉलनीचा आराखडा मंजूर झाला तेव्हा ते हयात नव्हते.

बंजाऱ्यांत पितरांचा घास चुलीत देतात. लापशी आणि तूप निखाऱ्यावर घालायचं, नावं घ्यायची, धूर वर गेला की पोचलं. धबुकार म्हणतात त्याला. बाकीचा तांडा हे दिवाळीला आपापल्या क्वार्टरात करू लागला. बिजलीबाईंनी क्वार्टरात कधी केलं नाही. त्या उन्हाळ्याची वाट पाहायच्या. मे महिन्यात पाणी उतरलं की चिखल तुडवत, दोन्ही हातांत डबे धरून त्या जुन्या चुलीपाशी जायच्या. तीन दगड आणि मधे गाळ. गाळ हातानं काढायचा, गोवऱ्या पेटवायच्या, घास द्यायचा. पितरांचा सण दिवाळीऐवजी मे महिन्यात येतो याबद्दल धावजींची काही तक्रार आली नाही.

सात वर्षांपूर्वी आजूबाजूच्या गावांना पिण्याचं पाणी याच धरणातून द्यायचं ठरलं. लोकांची सोय झाली. साठा उन्हाळ्यातही राखायचा, असं झालं. तेव्हापासून पाणी तीनशे तेवीसच्या खाली उतरलेलं नव्हतं आणि आता उतरणारही नव्हतं. हे लखनला वहीवरून कळत होतं. बिजलीबाईंना ‘आज किती?’वरून कळत होतं. दोघं त्यावर बोलत नव्हते.

“सात वर्सं झाले,” त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या. “मानूस उपाशी हाय.”

लखननं कार्यालयातून बुडिताचा जुना नकाशा मिळवला आणि त्याबरहुकूम तांडा बांधायला घेतला. नकाशात घरं म्हणजे आकडे घातलेले चौकोन. सदतीस चौकोन. रोज संध्याकाळी एक, सुट्टीला तीन. चुकीची घरं पाडायला एक मोड, मातीच्या रंगाच्या भिंती करायला दुसरा. महिनाभरात तांडा उभा राहिला आणि त्यानं आईला बोलावलं.

बिजलीबाईंनी तांडा पाहिला. बराच वेळ पाहिला.

“हे कोनाचं गाव व्हय?”

“आपला तांडा. नकाशावरून केला.”

“दारं रस्त्याकडं काहून हायत?”

लखननं दारं रस्त्याकडं लावली होती कारण कॉलनीत ती तशीच होती. तो वयाच्या आठव्या वर्षापासून कॉलनीत राहत होता. घराचं दार रस्त्याकडं असतं यापलीकडं त्याची कल्पना गेली नव्हती. चूलही त्यानं मागच्या भिंतीला, ओट्याच्या जागी ठेवली होती. तांड्यात दारं उगवतीला होती आणि चूल शिरल्याबरोबर डाव्या हाताला.

“डाव्या हातानं निखारा काढायचा आन् उजव्यानं चिलीम भरायची,” बिजलीबाई म्हणाल्या. “तुया बाचं सगळं तिथंच बसून व्हाये.”

सदतीस दारं फिरवायला तीन आठवडे लागले. बिजलीबाई शेजारी बसून सांगायच्या, हे थोडं मागं घे, इथं बाज होती, इथून आमी दगड फेकून कुत्रं हाकलत होतो. लखनची बायको वर्षा चहा आणून ठेवायची आणि म्हणायची की खऱ्या घराच्या मोरीचा नळ दोन महिने गळून राह्यला, तो कोन्या मोडनं बंद होते.

शेवटी चूल बसली. हिमाच्या देशातल्या कुण्या माणसानं शोभेच्या शेगडीचा मोड केला होता, त्यातले दगड घेऊन. लखननं तिच्यात विस्तव लावला. दोन बुडबुडे वर गेले. पुन्हा लावला. पुन्हा बुडबुडे.

“पेटत नाई,” तो म्हणाला. “पाणी हाय ना.”

“मंग पाणी काढ.”

“पाणी कसं काढू? पाण्याचाच खेळ हाय.”

“भूक काढली, श्वास काढला,” बिजलीबाई म्हणाल्या. “पाणी तेवढं राह्यलं होय?”

त्यानं त्या रात्रीच्या जेवणाआधी नेटवर इंग्रजीत विचारलं, समुद्रातलं पाणी काढून टाकणारा मोड आहे का. जगभरातून उत्तरं आली. बहुतेकांनी हसण्याची चिन्हं टाकली होती. एकानं विचारलं, मग तू जमिनीवरचा खेळ का घेत नाहीस. प्रश्न रास्त होता. लखननं मराठी पानावरही विचारलं, आणि तिथला नंबर पाहून चार दिवसांनी फुलचंदचा फोन आला.

“पानी काढायचं म्हंजे माह्याच धंद्याचं काम, भाऊ,” तो म्हणाला. फोनमागं कुठलीतरी मोटार घरघरत होती. “मी फाइल उघडून पाह्यली. समुद्राची पातळी म्हंजे निस्ता एक आकडा हाय. आकडा खाली करा, पानी खाली.”

“कोणीबी करू शकते?”

“कोनीबी. पासवर्डसुद्दा नाई.”

लखननं फाइल उघडली. तळाशी खरंच पातळीचा आकडा होता. वीस वर्षं तो पातळी लिहीत आला होता; बदलायचा अधिकार पहिल्यांदाच मिळाला. त्यानं कुणी पाहत नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं. वर्षा कपडे वाळत घालत होती.

रविवारी दुपारी बिजलीबाईंनी डोक्यावरून अंघोळ केली आणि पेटीतली आरशांची ओढणी काढून घेतली. वर्षानं लापशी केली, तुपाची वाटी भरली. घमेल्यात निखारे तयार होते. ठरलं असं होतं की पडद्यावर चूल पेटली की त्याच घटकेला घमेल्यात घास द्यायचा. हे शास्त्रात बसतं का हे विचारायला तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, उरलेला नव्हता.

लखननं आकडा बदलला आणि खेळ सुरू केला.

पाणी नव्हतं. वर आभाळ होतं, आणि तळाशी, उन्हात, तांडा. सदतीस घरं, दारं उगवतीला. ओढणीच्या आरशांचे कवडसे लॅपटॉपवर पडत होते. बिजलीबाई पुढं सरकल्या. हातमोजे दारातून आत गेले, डावीकडं वळले. लखननं विस्तव लावला. चूल पेटली.

वर्षानं वाटी पुढं केली. बिजलीबाईंनी घेतली नाही.

“हे काय हाय?” त्या म्हणाल्या.

चुलीपाशी, ओसरीवर, दाराबाहेर, नजर जाईल तिथवर मासे पडले होते. लहान, मोठे, पिवळ्या डोळ्यांचे. खेळ करणाऱ्यानं काम मन लावून केलं होतं. पाण्याबाहेर मासा काय करतो हे त्याला माहीत होतं. ते उडत होते, आपटत होते, कल्ले उघडत होते. धावजींच्या बाजेच्या जागी एक मोठा मासा शेपटी आपटत होता.

“खरे नाईत, याडी,” लखन म्हणाला. “चित्रं हायत. तू घास दे.”

बिजलीबाईंनी आणखी थोडा वेळ पाहिलं.

“पाणी सोड,” त्या म्हणाल्या.

“चूल विझन.”

“विझू दे. त्याईचे लेकरंबाळं हायत तिथं. सोड.”

लखननं खेळ बंद केला, आकडा पूर्वीचा लिहिला, खेळ पुन्हा लावला. पाणी परत आलं. मासे निघून गेले, जसं काही झालंच नाही. चुलीतून दोन बुडबुडे वर गेले.

“बंद नको करू,” बिजलीबाई म्हणाल्या. “दारापाशी घे.”

त्यानं दारापाशी घेतलं. त्यांनी ओढणी सारखी केली आणि पडद्याच्या जरा जवळ तोंड नेलं. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं.

“लखनचे बा,” त्या म्हणाल्या, “मी बोलून राह्यली. वर या. भिंतीच्या पायऱ्या हायत, त्यानं चढा. सकाळी आठले तिथं लखन असते, त्याले हाक नका मारू, त्याचा आकडा चुकन. तिथून डांबरी सडक धरा. यष्टी थांबते तिथं निंब हाय. निंबापासून उजवीकडं, तिसरी लाइन. सगळे क्वार्टर सारखेच हायत, तुमाले गोंधळ होईन. आपलं निळ्या दाराचं. दारापुढं पाण्याची टाकी हाय.” त्यांनी बाहेरच्या खोलीकडं पाहिलं. “चूल इथंबी डाव्या हातालेच ठेवतो.”

मग त्यांनी वर्षाच्या हातातून वाटी घेतली. घमेलं बाहेरच्या खोलीत आणवलं, शिरल्याबरोबर डाव्या हाताला ठेवलं, आणि निखाऱ्यावर लापशी घातली. धूर छतापर्यंत गेला आणि तिथंच जरा वेळ फिरला. लखन लॅपटॉप मांडीवर धरून बसून राहिला. तिथला श्वास त्यानं काढलेला होता, त्यामुळं घाई नव्हती.

संध्याकाळी त्यानं यादीत एक ओळ वाढवली. ‘पाणी काढायचा मोड: चालतो. घेऊ नये.’ खाली फुलचंदनं लिहिलं, ‘चांगली माहिती भाऊ.’

सोमवारी लखन घरी आला तेव्हा निळं दार सताड उघडं होतं आणि कडीला चिंधी बांधलेली होती, वाऱ्यानं लोटू नये म्हणून. आत बिजलीबाई तूर निवडत होत्या. लखननं चपला काढल्या आणि ‘आज किती?’ची वाट पाहत उंबऱ्यापाशी थोडा उभा राहिला. मग हातपाय धुवायला गेला.