एक्केचाळीस नंबरचा फोटो

खदीजाने आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता आणि पाहायची तिला हौसही नव्हती. पण विमानातून काढलेला फोटो समोर ठेवला, की त्यात गोल्फचं मैदान आहे की नाही हे ती चहा निवायच्या आत सांगायची. अख्ख्या भिवंडीत असं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. आता खरं सांगायचं तर १९९५ साली भिवंडीत हे कुणी कुणाला विचारतही नव्हतं, पण त्याने तिचा मान कमी होत नाही.

त्याचं झालं असं. राहनाळच्या रस्त्याला तिच्या धाकट्या भावाची, फखरुद्दीनची, आठ लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती. लूम म्हातारे झाले, सुताचे भाव चढले, आणि दोन वर्षांत आठही लूम भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले. मागे उरली ती रिकामी शेड आणि पुढची कापड तपासायची खोली. त्या खोलीत काचेची तीन टेबलं होती, काचेखाली ट्यूबलाइट. विणलेला ताका त्या काचेवरून ओढत न्यायचा आणि कुठे धागा तुटलाय, कुठे जाळी पडलीय ते बघायचं. हे काम खदीजा विसाव्या वर्षापासून करत होती आणि आता ती सेहेचाळीसची होती. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारायची भिवंडीत कुणाची छाती नव्हती. हाताखाली सहा बायका होत्या, त्या आता आजूबाजूच्या कारखान्यांतून आलेलं कापड तपासत. तेही आटत चाललं होतं.

अंजूरच्या बाळारामशेठनी शेड गोदामासाठी मागितली होती. फखरुद्दीन तयारच होता. शेड गेली की आपण मुंब्र्याला सासऱ्यांच्या धंद्यात शिरू आणि आपा, म्हणजे खदीजा, घरी आरामात बसेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बसणाऱ्या माणसाला मात्र विचारलं नव्हतं. बसायचं कसं, हे खदीजाला माहीतच नव्हतं. पण हे ती कुणापाशी बोलली नाही.

अशात एक दिवस केसरीनाथ गुप्ते आले ते काचेचं टेबल विकत घ्यायला. नकाशाच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ अंधेरीच्या एका कंपनीत सल्लागार होता. टेबल राहिलं बाजूला. भरभर सरकणाऱ्या ताक्यावर खदीजाने बोलता बोलता बोट टेकवलं आणि म्हणाली, "थांबव गं, तुळजा. धागा गेलाय." गुप्ते चष्मा पुसून तिथे वाकले. धागा शोधायला त्यांना भिंग लागलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही फोटो बघाल का?"

काम विचित्र होतं. अमेरिकेतल्या एका कंपनीचा गवत कापायच्या यंत्रांचा धंदा होता. गोल्फची मैदानं कुठे कुठे आहेत हे त्यांना हवं होतं आणि हजारो फोटो डोळ्यांखालून घालायला तिकडे कुणाला वेळ नव्हता. फोटो काळेपांढरे, पारदर्शक फिल्मवरचे, वीतभर लांब, वीतभर रुंद. आधी परीक्षा होती. साठ फोटो. प्रत्येकाच्या नंबरापुढे 'आहे' किंवा 'नाही', एवढंच लिहायचं. दोन चुका माफ होत्या, तिसरी झाली की काम दुसऱ्या गावाला जाणार होतं.

फखरुद्दीन हसला. "आपा, आपण कपडेवाले लोक. ये अपना काम नहीं."

"महिनाअखेरपर्यंत बाळारामशेठला थांबव," खदीजा म्हणाली. "काम मिळालं तर शेड राहील. नाही मिळालं तर तू सांगशील तिथे अंगठा देते."

"अंगठा कशाला? तुला सही येते."

"मग सही करीन. तू थांबव."

गुप्त्यांनी बायकांना गोल्फ समजावून सांगितला. मोठं रान, त्यात कापलेलं गवत, मध्ये मध्ये वाळूचे खड्डे. माणूस काठीने चेंडू मारत मारत जातो आणि शेवटी एका भोकात घालतो. अशी अठरा भोकं.

अंजूरहून येणारी तुळजा डोळे विस्फारून ऐकत होती. "आन् परत यायला रिक्षा मिलते का न्हाय?"

गुप्ते हसले, पण खदीजा हसली नाही. प्रश्न बरोबर होता. माणूस जातो, तर परत कसा येतो? तिने चार नमुन्याचे फोटो काचेवर ठेवले, खालून दिवा लावला आणि दुपारभर बघत राहिली. गुप्त्यांनी वाळूचे पांढरे ठिपके शोधायला सांगितले होते. ठिपके नदीकाठीही होते, खाणीजवळही होते. तिने ठिपके सोडून दिले आणि त्या माणसाची चाल धरली. एक गवताचा पट्टा जिथे संपतो, तिथून पाच-पन्नास पावलांवर दुसरा सुरू होतो. तो संपतो तिथे तिसरा. लूमवर धागा घेऊन धावणारा धोटा एका काठाला पोचला की तिथूनच परत फिरतो, तसंच हे. आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये, रोज शेकडो पाय पडून, गवत मरून केसाएवढी पांढरी वाट उमटलेली. बागेत वाटा असतात, पण त्या कुठूनही कुठेही जातात. कब्रस्तानातही असतात, पण त्या सरळ असतात. एकाच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात बांधणारी वाट फक्त इथेच होती.

"मिळालं," ती बायकांना म्हणाली. "आता वाळू विसरा. वाट बघा."

आठ दिवसांत साठ फोटो झाले. बायका आधी बघायच्या, शेवटचा शब्द खदीजाचा. फखरुद्दीन मधूनमधून येऊन मागे उभा राहायचा, उसासे टाकायचा आणि चहा पिऊन जायचा.

नवव्या दिवशी केसरीनाथ उत्तरांचा बंद लिफाफा घेऊन आले. टेबलापाशी बसून त्यांनी लिफाफा फोडला आणि एकेक नंबर वाचत खूण करत गेले. सहाही बायका भिंतीला पाठ लावून उभ्या. सोळाव्या नंबरला चूक निघाली. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या पोटात छोटं गोल्फचं मैदान लपलेलं होतं.

खदीजाने फोटो पाहिला. "चुकले. पुढे."

तेविसाव्याला दुसरी. तिथे तिने 'आहे' लिहिलं होतं आणि ती निघाली कसलीशी मोठी रोपवाटिका.

"हेही चुकले. पुढे."

चाळीसपर्यंत सगळं जुळलं. एक्केचाळीसला केसरीनाथ थांबले. पुन्हा कागद पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "तुम्ही 'नाही' लिहिलंय. उत्तर 'आहे' असं आहे." त्यांनी उरलेले एकोणीसही पाहून टाकले. त्यांत एकही चूक नव्हती. एकूण तीन.

फखरुद्दीनने खाली बघत मान हलवली.

"तो फोटो द्या," खदीजा म्हणाली. तिने तो काचेवर ठेवला आणि दिवा लावला. पट्टे होते, अठराही होते, वाळूचे खड्डेही होते. आंधळ्यालाही दिसावं असं गोल्फचं मैदान. "हे नाहीच."

"बाई, अहो, समोर दिसतंय."

"काय दिसतंय? वाट दाखवा मला. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जायची एक वाट दाखवा."

केसरीनाथांनी खिशातून भिंग काढलं. पाच मिनिटं त्यांचं नाक फोटोला लागलेलं. वाट नव्हती. कापलेल्या गवताच्या कडाही इतर फोटोंत असतात तशा धारदार नव्हत्या, विस्कटलेल्या होत्या. "मोटारींच्या जागेत मोटारीही नाहीत," ते पुटपुटले. "पण सुट्टीचा वार असेल."

"मोटारी एका दिवसात येतात जातात. वाट एका दिवसात पुसत नाही. इथे वरीसभर कुणी चाललेलं नाही. हे बंद आहे."

"बरं, बंद असेल! पण मैदान तर आहे ना? प्रश्न 'आहे की नाही' असा होता. 'बंद की चालू' असा नव्हता."

आणि इथे भिवंडीचं माणूस आणि बाहेरचं माणूस वेगळं पडतं. भिवंडीत कुणी विचारलं, तुमचे लूम किती, तर माणूस चालू असलेले मोजून सांगतो. बंद पडलेला लूम शेडमध्ये उभा असला, त्याला तेल घातलेलं असलं, तरी तो आकड्यात येत नाही. शेजाऱ्याच्या बारापैकी सात बंद असले तर त्याच्याकडे पाच लूम आहेत. यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही, कारण सगळे तसंच मोजतात. खदीजाने एक्केचाळिसापुढे 'नाही' लिहिलं तेव्हा तिला वेगळं काही लिहिता येतं हे सुचलंसुद्धा नव्हतं.

"ज्याच्यावर कुणी खेळत नाही ते मैदान कसलं?" ती म्हणाली. "तिथलं गवत कापायला यंत्र कोण घेणार आहे?"

केसरीनाथांनी भिंग खिशात ठेवलं. माणूस सज्जन होता आणि त्याला या बायकांचं काम मनापासून आवडलं होतं. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "हे बघा, खदीजाबाई. यावर लिहून द्या की एक्केचाळीसचं उत्तर तुमच्या नजरचुकीने चुकीचं पडलं. मी शिफारस करतो. पुढल्या महिन्यात आणखी एक परीक्षा देऊ. तुम्ही सहज पास व्हाल, मला खात्री आहे."

फखरुद्दीन पुढे झाला. "लिहून टाक, आपा. एक ओळ. बाळारामशेठला मी अजून एक महिना थोपवतो. मान जा ना!"

बायकांच्या नजरा तिच्यावर. तुळजाच्या घरात तिच्या एकटीच्या पगारावर चूल पेटत होती, हे खदीजाला ठाऊक होतं. तिला भीती वाटली. पण तिचं बोट त्या फोटोवर होतं आणि बोटाखाली वाट नव्हती.

"दोन चुका माझ्या," ती म्हणाली. "त्या मी लगेच मान्य केल्या. ही माझी नाही. आज काम मिळावं म्हणून दिसत नाही ते दिसतं लिहिलं, तर उद्या माझ्या 'आहे'ला कोण विचारणार? गुप्तेसाहेब, तुमच्या त्या लोकांना कळवा. म्हणावं, एकदा जाऊन बघून या."

"त्यांनी नाही म्हटलं तर काम गेलं. दुसरी परीक्षाही नाही."

"कळलं. कळवा."

फखरुद्दीनने कपाळावर हात मारला आणि बाहेर निघून गेला.

पुढचे अकरा दिवस तो बहिणीशी बोलला नाही. एका ताटातले बोंबील खायचे, पण मीठ हवं असलं तरी तो बायकोला म्हणायचा, "यांना सांग, मीठ द्या." हे 'यांना' ऐकून खदीजाला हसू यायचं आणि त्याचा राग आणखी वाढायचा. तो चिडला होता हे खरं, पण त्याहून जास्त घाबरला होता. मुंब्र्याचा सासऱ्यांचा धंदा त्यालाही आवडत नव्हता, फक्त तसं म्हणायची सोय नव्हती.

खदीजा रोज आठच्या ठोक्याला शेडवर जायची. आलेला थोडाफार कपडा तपासायची. मध्ये एकदा तुळजाने विचारलं, "खदीजाबाय, तुमाला खरंच खातरी हाय?"

"तू बघितला होतास ना फोटो? तुला वाट दिसली?"

"न्हाय."

"मग तुला पण खात्री आहे."

बाराव्या दिवशी केसरीनाथ रिक्षातून उतरले ते जवळजवळ पळतच आले. हातात फॅक्सचा कागद होता आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. फखरुद्दीनला त्यांनी फोन करून आधीच बोलावून घेतलं होतं. तो दाराशी, हाताची घडी घालून उभा.

"ऐका," केसरीनाथ म्हणाले आणि इंग्रजीतलं मराठीत करत वाचू लागले. "एक्केचाळीस नंबरची चौकशी केली. क्लब चौदा महिन्यांपूर्वी बंद पडला. आमची यादी जुनी होती. म्हणून तुमच्या चुका दोन धरल्या आहेत. काम तुम्हाला देत आहोत." त्यांनी श्वास घेतला. "आणि पुढे लिहिलंय, की बाकीच्या फोटोंतही चालू मैदानं आणि बंद मैदानं वेगळी करून मिळतील का? अशी यादी त्यांना आजवर कुणी दिलेली नाही."

तुळजाने अशी काही किंकाळी फोडली की शेजारच्या कारखान्यातला लूम दुरुस्त करणारा जॉबर, यंत्रात कुणाचा हात सापडला म्हणून, धावत आला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. खदीजा स्टुलावर बसली.

"मिळेल म्हणावं," ती म्हणाली. "त्यात काय अवघड आहे."

फखरुद्दीन तडक स्कूटर घेऊन अंजूरला गेला. बाळारामशेठला 'नाही' म्हणून सांगून आला. संध्याकाळी घरी आल्यावर तो ओट्यावर बहिणीशेजारी बसला, बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला.

"आपा."

"बोल. बोलायला लागलास का?"

"त्या दिवशी मी तुला खोटं लिहायला सांगितलं. सगळ्यांसमोर. माझी बहीण चुकलेली असणारच, असं मी धरूनच चाललो होतो. मला लाज वाटते."

खदीजाला त्याच्या लहानपणची मान दिसली, अशीच खाली घातलेली. तिला भरून आलं. "माफ केलं," ती म्हणाली. "पण शेड तुझी असली तरी काच माझी. तिथे मी बघत असेन तेव्हा तू मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचेवर वाकलेली असताना दारावर टकटक झाली. त्या दाराला आजवर कुणी टकटक केलेली नव्हती. बायकांनी वर पाहिलं. शेडचा मालक उंबऱ्याबाहेर उभा होता.

"आत येऊ का?" फखरुद्दीनने विचारलं.

खदीजाने मान वर केली नाही. "थांब जरा. हा एवढा फोटो होऊ दे."

आणि तो थांबला. उन्हात, हातात चपला धरून, तो फोटो होईपर्यंत थांबला.