अप्पांचं अर्धं भाषण

माझ्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि सरकारी कागदावर तो अजून निष्काळजी होता.

संताजी अंबत्तूरच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करायचा. प्रेसखाली हात जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी लावलेली असते. जाळी असली की माल सावकाश निघतो. एका मोठ्या ऑर्डरच्या घाईत जाळ्या काढल्या गेल्या. संताजीचा हात चेचला, जखम चिघळली आणि आठवड्याभरात तोही गेला. चौकशी झाली. जाळी त्याने स्वतःच काढली होती, असं ठरवून सगळे मोकळे झाले.

हे खोटं आहे, हे माझ्या वडिलांना ठाऊक होतं. अप्पा त्याच कंपनीच्या ऑफिसात सुपरिंटेंडंट होते. जावयाला तिथे त्यांनीच चिकटवलं होतं. मोठ्या साहेबांनी "जाळ्या काढा" म्हणून हुकूम दिला, तेव्हा अप्पा फायली घेऊन त्याच खोलीत उभे होते. पण चौकशीला फक्त कारखान्यातल्या माणसांना बोलावलं. ऑफिसातल्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून अप्पा बोलले नाहीत.

लोक म्हणाले, नोकरीसाठी मूग गिळून बसले. तसं असतं तर मला त्यांच्याशी कडाकडा भांडता तरी आलं असतं. पण माझे अप्पा खरोखरच असे आहेत. घरात कापी, म्हणजे कॉफी, हवी असली तरी कुणी "हवी का?" म्हणेपर्यंत ते रिकाम्या पेल्याकडे बघत बसतात. विचारल्याशिवाय बोलू नये आणि बोलायचं तर रीतीने बोलावं, हा त्यांचा धर्म. तंजावरच्या दरबारात आमचा कुणी पूर्वज लोकांचे अर्ज वाचून दाखवायचा म्हणे. आधी राजांच्या साऱ्या पदव्या, मग मंडळींचे मान, मग अर्ज. अप्पा हे मोठ्या अभिमानाने सांगत. किती अर्जदार त्या पदव्या संपायची वाट बघत घरी गेले असतील, असं माझ्या मनात यायचं.

अप्पा रिटायर झाले त्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या नव्या मॅनेजमेंट विभागाने जाहीर व्याख्यानं सुरू केली होती. विषय होता उद्योग आणि समाज. विभागातले प्रोफेसर उमाकांत पुण्याकडचे. आमच्या तंजावरी मराठीला हसायचे, पण प्रेमाने. मराठी मंडळात अप्पांची गाठ पडली तेव्हा त्यांनी विचारलं, एका संध्याकाळी तुमच्या ऑफिसातल्या अनुभवावर बोलाल का? आम्हाला पुस्तकी माणसं नकोत.

अप्पांना अखेर कुणीतरी विचारलं होतं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. संताजीच्या फोटोसमोर बसून राहिले आणि मग मला हाक मारली. म्हणाले, "भवानी, मी सांगतों. जाळीचें अस्कें सांगतों, कांहीं ठेवत नाहीं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सभेला लेबर खात्याचे अधिकारी येणार होते, पेपरवाले येणार होते. त्यांच्यासमोर कंपनीचा जुना माणूस बोलला असता, तर बंद फाईल उघडावीच लागली असती.

भाषण त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. जाळीपर्यंत यायला पानांमागून पानं गेली. आधी अध्यक्षांना नमस्कार, मग पाहुण्यांना, विभागाला, कंपनीच्या संस्थापकांना, त्यांच्या दिवंगत वडिलांना. मी म्हटलं, हे सगळं कापा आणि सरळ जाळीवर या. अप्पांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुणाचा तरी हात चेचला होता.

"मोठ्यांच्या सभेंत नमस्कार केल्याशिवाय गाऱ्हाणें सांगूं नये, बाळे," ते म्हणाले. "सांगितलें तरी कोणी ऐकत नाहीं."

सभेच्या दिवशी हॉलच्या दाराशी बोर्ड वाचला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. अध्यक्ष होते आमचे मोठे साहेब, आणि प्रमुख पाहुणे एक मंत्री. मंत्री अजून यायचे होते. उमाकांतांची नजर सारखी रस्त्याकडे. अप्पांना बघताच त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी अप्पांना थेट स्टेजवर नेलं. मंत्री येईपर्यंत माईक चालू ठेवायला कुणीतरी हवं होतं. अनुभवाचं बोलणं हवं होतं ते एवढ्यासाठी, हे मला तिथे खुर्चीत बसल्यावर कळलं. अप्पांना मात्र ते कळलं नव्हतं, आणि मी ते कधीच कळू दिलं नाही.

साहेब शेजारच्याच खुर्चीत होते. टेबलावर वेळ संपली की वाजवायची पितळी घंटी, तीही त्यांच्याच हाताशी. अप्पा उठले. आवाज खणखणीत होता. अध्यक्षांना नमस्कार झाला, विभागाला झाला. संस्थापकांच्या वडिलांपर्यंत आले तेव्हा मागची पोरं जांभया देत होती. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. मग अप्पांनी पान उलटलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "आता मी प्रेसच्या जाळीबद्दल बोलणार आहे."

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला.

सगळा हॉल उभा राहिला. उमाकांत धावले, हार आला, फोटो निघाले. अप्पा माईकपाशी कागद धरून उभेच होते. त्यांना हाताला धरून कुणीतरी कडेच्या खुर्चीवर बसवलं. मंत्र्यांनी देशाच्या प्रगतीवर जे सांगायचं ते सांगितलं. मग साहेब बोलले. कामगार आणि मालक हे एकच कुटुंब, असं म्हणून त्यांनी अप्पांकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत ह्या माणसाने कंपनीविरुद्ध एक शब्द काढला नाही, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कुणाला काही विचारायचं आहे का, असं उमाकांतांनी विचारलं तेव्हा मी उठले. बायकांच्या रांगेतून कुणी उठेल अशी त्यांची कल्पना नसावी. मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं भाषण अर्धं राहिलंय. ते पुरं करू द्या."

लोक हसले, पण मंत्र्यांनाच गंमत वाटली. दोन मिनिटं द्या म्हातारबाबांना, असं ते म्हणाले. आता कुणाला नाही म्हणता येईना.

अप्पा माईकपाशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, जाळी म्हणा अप्पा, नुसतं जाळी म्हणा. त्यांनी कागदही उघडला नाही. आता बोलतील, असं मला वाटलं.

आणि त्यांनी हात जोडले. मघाशी मंत्री नव्हते ना. आता ते आले होते, म्हणजे पहिला नमस्कार त्यांना. मग त्यांच्यानंतर अध्यक्षांना, नव्याने. मग वेळ दिल्याबद्दल मंत्र्यांचे आभार, आणि त्यांच्या खात्याचे. माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत एकेक पदवी वाचत होता आणि तिकडे संताजी वाट बघत होता. मी ओरडायला हवं होतं.

"जाळी काढायचा हुकूम," अप्पा म्हणाले, "माझा जावई संताजी..."

साहेबांनी घंटी वाजवली.

ऑफिसात अप्पा साहेबांच्या घंटीला आयुष्यभर उठले-बसले होते. ते थांबले. वाक्य तिथेच सोडून त्यांनी अध्यक्षांना मान लववली आणि जाऊन खुर्चीवर बसले. सर्वांत आधी टाळ्या साहेबांनी वाजवल्या.

नंतर कापी प्यायला देताना उमाकांत म्हणाले, "राघोत्तमराव, तुमच्या त्या जुन्या अदबीने सभेला शोभा आली." बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. मंत्र्यांचं भाषण दोन कॉलम, साहेबांचं अर्धा. अगदी खाली एक ओळ: श्री. राघोत्तम राव यांचेही भाषण झाले. मी ती ओळ मोठ्याने वाचली.

अप्पांनी पेपर मागून घेतला, चष्म्याजवळ धरला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "नांव सरी छापिलें आहे. चूक नाहीं."

"कुणाचं?" मी विचारलं.

मी विचारलं होतं, तरीही ते बोलले नाहीत.